दारावरचे पाय

ताईची शिलाई मशीन पुढच्या खोलीत होती, खिडकीला लागून, कारण आमच्या घरात उजेड म्हणावा असा तिथेच यायचा. मागे आई भाकरी थापायची आणि पुढे मशीनची घरघर चालायची. या दोन आवाजांच्या मधल्या खोलीत मी अभ्यासाला बसायचे आणि अभ्यास सोडून सगळं करायचे. माझे पाय एका जागी राहत नसत. पुस्तक मांडीवर, आणि खाली बोटं फरशीवर काहीतरी बडवत राहिलेली. बाबा एका सरकारी ऑफिसात कारकून होते. ऑफिसला निघताना दारात चपला घालता घालता म्हणायचे, "हिच्या पायाले भिंगरी हाय. ही पोरगी एका जागी बसली तं समजा आजारी हाय." आता चाळिशी उलटली, अकोल्याला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर उंच स्टुलावर बसून असते, तरी शेजारी बसणारी बाई अधूनमधून म्हणते, मॅडम, टेबल हलून राह्यला. मी पाय थांबवते. थोड्या वेळानं ती पुन्हा तेच म्हणते.

मेहकरात तेव्हा क्रिकेट सगळेच खेळत. फुटबॉल फक्त वानखडे सरांची पोरं खेळत. सर शाळेत इतिहास शिकवायचे आणि संध्याकाळी कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभे राहायचे. क्लबाला त्यांनी एक लांबलचक नाव दिलं होतं, पण ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही, सगळे 'सरांचा क्लब'च म्हणत. हंगामात जिनिंगमधला कापूस उडत यायचा आणि घामेजलेल्या तोंडाला चिकटायचा. पावसाळ्यात काळी माती बुटांना अशी धरायची की पाय उचलला तरी मैदान सोडत नसे. साखरखेर्डा, लोणार, डोणगाव अशा गावांच्या पोरांशी आमचे सामने व्हायचे. कधी आम्ही एस.टी.नं जायचो, कधी ते यायचे. सरांची खरी अडचण वेगळीच होती. पोरं टिकत नसत. कापूस वेचायचे दिवस आले की अर्धा संघ शेतात, दहावी आली की उरलेला शिकवणीला. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. जो क्लबासाठी पन्नासावा सामना खेळेल, त्याच्या नावाचा कापडी बॅनर करायचा. सामन्याच्या आधी आठवडाभर तो त्या पोराच्या दारावर लावायचा, म्हणजे गल्लीला कळतं, आणि सामन्याच्या दिवशी मैदानावर गोलच्या मागे दोन बांबूंना बांधायचा. नंतर तो त्या पोराचा.

पहिला बॅनर सरांनी पेंटरकडून रंगवून घेतला होता. तो सोहेलचा, आमच्या गोलकीपरचा. सोहेलच्या आईनं तो हौसेनं धुवायला टाकला आणि सगळी अक्षरं बादलीत उतरली. मग सर ते फिकट कापड हातात घेऊन आमच्याकडे आले आणि ओट्यावरूनच म्हणाले, "सुनीता, अक्षरं शिवता येतीन काय तुले?" सुनीता म्हणजे माझी ताई. बी.ए. झालेली, शिवणाचा कोर्स केलेली, आणि लग्नाचं पाहणं चालू असलेली. तिनं कापड खिडकीपाशी धरून पाहिलं आणि म्हणाली, "येतीन. पन चित्र काय पाह्यजे, थे ज्याचं त्यानं येऊन सांगायचं."

तिथून आमच्या पुढच्या खोलीत पोरांची रांग सुरू झाली. सोहेलला त्याचे दोन हात हवे होते. ताईनं वर्तमानपत्रावर त्याचे पंजे ठेवून पेन्सिल फिरवली आणि पिवळ्या कापडाचे दोन पंजे शिवले, बोटं फाकलेली, जणू चेंडू आत्ता येणार आहे. एस.टी. ड्रायव्हरच्या पोराला एस.टी. हवी होती. लाल कापड नव्हतं तर ताईनं स्वतःचा जुना परकर कापला आणि मला दम दिला की हे बाहेर सांगशील तर याद राख. एकाला त्याचा बैल हवा होता, पण पोळ्याच्या दिवशीचा, शिंगं रंगवलेला. एक जण म्हणाला, मले काई नको, फक्त नाव मोठं करा, आमच्या काकाले चष्मा नाई. ताई प्रत्येकाचं ऐकून घ्यायची, खडूनं कापडावर रेघ मारायची आणि विचारायची, असं? पोरं आधी लाजायची, मग वाकून वाकून सांगायची. माझ्यापेक्षा मोठी, मैदानावर शिव्या देणारी पोरं ताईपुढे मान खाली घालून बैलाच्या शेपटीची चर्चा करत बसलेली मी पाहिली आहेत.

मुलगी मी एकटीच उरले होते. दुसरी एक होती, तिच्या वडिलांची बदली झाली. सरांनी मला डाव्या बाजूला टाकलं होतं, कारण मी नुसती पळायचे. माझा पन्नासावा सामना जवळ आला तसा मला चित्राचा घोर लागला. आधी घोडा म्हटलं. मग विमान. मग मेहकरात रेल्वे नाही म्हणून रेल्वे. ताई खडू हातात घेऊन थांबायची आणि मी पुन्हा बदलायचे. शेवटी एका दुपारी तिनं वर्तमानपत्र फरशीवर अंथरलं. "उभी राय यावर."

"कायले?"

"राय म्हनलं ना. चपला काढ. टाचा उचल, पळतेवक्ती उचलते तशा."

ती खाली बसून माझ्या पायांभोवती पेन्सिल फिरवू लागली. गुदगुल्या होत होत्या. "हलू नको."

"मी कुठी हलून राह्यली?"

"हलूनच राह्यली. हे पाह्य, दोन दोन रेघा आल्या."

त्या दोन रेघा तिनं खोडल्या नाहीत. बॅनर झाला तेव्हा निळ्या कापडावर खाकी रंगाचे दोन पाय होते, बोटांवर उभे, आणि दोन्हींच्या कडेनं एक दुसरी टीप गेलेली, थरथरल्यासारखी. नखांना गुलाबी दोरा. वर 'मनीषा' आणि खाली 'पन्नासावा सामना' आणि पुढच्या रविवारची तारीख. मी तो पाहिला. घराबाहेर जाऊन गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेले आणि परत आले.

आईनं मात्र कपाळाला हात लावला. "अवो माय, पाय काढले? आन दारावर लावतीन? खालून मानसं जातीन ना."

संध्याकाळी बाबांनीही तेच म्हटलं. ताई दोरा तोडत म्हणाली, "लक्षुमीचे पाय नाई काढत आपन दारात?"

"थे खाली असतात बाई," बाबा म्हणाले. "डोक्शावर नसतात."

पण ते एवढंच बोलले. रविवारी सर आणि सोहेल येऊन बॅनर लावून गेले, आणि बाबांनी स्वतः स्टूल धरून ठेवलं. गल्लीतली माणसं येता-जाता वर पाहत. दूध घालणारा म्हणाला, कोन्या पोरीचे पाय हे? मी दारातच उभी होते, म्हटलं, माहे.

मंगळवारी मामा आला. ताईसाठी स्थळं पाहण्याचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं, आणि आधीची दोन स्थळं जमता जमता फिसकटली होती, त्यामुळे तो आला की घरात सगळे जपून बोलत. चिखलीचं स्थळ, मुलगा शाळेत मास्तर, गुरुवारी पाहायला येतात, असं त्यानं सांगितलं. बाबांनी हळूच विचारलं, बॅनर तेवढ्यापुरता काढायचा का. मामा बाहेर जाऊन, मान वर करून पाहून आला. "राहू द्या ना भाऊजी. पोरीची कला दिसते. थ्यायले शिवनकामाचं सांगतलंच हाय मी."

गुरुवारी आईनं पोहे केले, कच्च्या चिवड्यासाठी कांदा चिरून ठेवला, आणि मला वेणी घालून, जिच्यात पाय नीट लांब करता येत नाहीत अशी साडी नेसवली. पाहुणे आले ते मुलगा, त्याची आई आणि त्याचे काका. मुलगा पुढे होता. उंच होता, दारात वाकला, तरी त्याच्या केसांना कापड लागलं, आणि तो आत येऊन खुर्चीवर बसला. काका मात्र उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. त्यांनी वर पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं.

"दुसरं दार हाय काय?"

बाबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मग मामा पुढे, काका, मुलाची आई आणि बाबा मागे, अशी ती वरात घराला वळसा घालून मागच्या अंगणातून आली. मोरी, धुण्याचा दगड, राखेचं घमेलं, सगळं ओलांडून. आईच्या हातात झारा होता आणि ती डोक्यावर पदर घ्यायलाही विसरली. तेवढा वेळ पुढच्या खोलीत तो मुलगा आणि मी दोघंच होतो. त्यानं बाहेर डोकावून बॅनर पाहिला. मग साडीखालून दिसणाऱ्या माझ्या पायांकडे पाहिलं. ते हलतच होते.

"तुझे आहेत?"

"हाव."

"डावा मोठा दिसतो."

"डाव्यानं मारते मी," मी म्हटलं.

तो काहीतरी विचारणार होता, पण तेवढ्यात सगळे स्वयंपाकघरातून आत आले आणि त्यानं मान खाली घातली. पुढे तासभर तो एक शब्द बोलला नाही. काकाच बोलले. ताईला नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "लहानी पोरायसंग खेळते?" बाबा म्हणाले, "क्लब हाय. सर चांगले हायत." काका म्हणाले, "चांगले असतीनच." आणि पोहे बाजूला सरकवले. मुलाच्या आईनं मात्र ताईचा हात हातात घेऊन सुईनं टोचलेली बोटं पाहिली. वाईट बाई नव्हती ती. ताईनं तिला हळूच काहीतरी विचारलं आणि तिनं हसून काहीतरी उत्तर दिलं. मला ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा निरोप घेऊन आला. मुलगी पसंत होती. फक्त दोन गोष्टी. ते दारावरचं उतरवा, आणि लहानीचं खेळणं आतापासूनच बंद. "सोयऱ्याधायऱ्यात कोनी इचारलं तं त्यायनं काय सांगाव?" कलेचं कौतुक करणारा हाच मामा, पण त्याला ते आठवलं नसावं.

"एवढंच ना," बाबा म्हणाले. त्यांचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. बाबा कडक नव्हते. आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उचलला नाही. पण ताईच्या लग्नाची काळजी त्यांना पोखरत होती, आणि एवढ्या मोठ्या काळजीवर एवढासा उपाय निघाला याचंच त्यांना हायसं वाटलं. त्यांनी स्टूल आणलं, बॅनर उतरवला, सुरकुती न पडू देता घडी घातली आणि ताईच्या मशीनवर ठेवला. मला वाटतं, त्यांनी तो फेकला असता किंवा चोळामोळा केला असता तर मला रडता आलं असतं.

त्या दोन दिवसांत मी काय केलं ते नीट सांगता येणार नाही, कारण मी काहीच केलं नाही आणि एक मिनिट स्वस्थही नव्हते. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. भरलेली घागर ओतून पुन्हा भरली. अंथरुणावर पडले की पिंढऱ्या आपोआप आवळायच्या. संध्याकाळी वारा तिकडून असला की मैदानावरची शिट्टी ऐकू यायची, आणि मी ओट्यावरून उतरायचे, चार पावलं चालायचे, परत यायचे. सर येऊन गेले. बाबा दारातच म्हणाले, "सर, घरचा प्रश्न हाय." सरांनी आत माझ्याकडे पाहिलं आणि सायकल वळवली. ताई मशीनवर बसून एका गिऱ्हाइकाचं ब्लाउज शिवत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही, आणि मला तिचा फार राग आला.

शनिवारी दुपारी बाबा अर्ध्या दिवसानं घरी आले. आईनं वरण-बट्टी केली होती, स्थळ जमतंय म्हणून. ताई वाढत होती. बाबांच्या बट्टीवर तूप घालता घालता ती म्हणाली, "बाबा, मले थे स्थळ नको."

बाबांचा हात ताटात थांबला. "काऊन?"

"मी पोराच्या मायले इचारलं, मशीन आनली तं चालंन काय. त्या म्हने, आपल्यात लोकायचे कपडे शिवत नसतात. आज हिचे पाय नको, उद्या माहे हात नको."

"असं कोनी म्हनलं नाई सुनीता."

"म्हनलं. गोड म्हनलं, म्हनून तुमाले ऐकू नाई आलं."

"पोरगा चांगला हाय."

"असंन. बोलला नाई."

"मोठ्यायसमोर कसा बोलंन तो?"

"मंग कधी बोलंन, बाबा?" ताईनं तुपाची वाटी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नव्हता. "मोठे तं जलमभर राहतीन."

आई पदर तोंडाशी धरून बसली. मी म्हटलं, "मी नाई खेळत. मले नाई खेळायचं." माझंच मला खोटं वाटलं, पण म्हटलं. बाबा ताटावरून उठले, हात धुतला आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. अर्धी बट्टी ताटात तशीच होती.

मोरीवर भांडी घासताना ताई मला म्हणाली, "हे पाह्य. तुह्यासाठी केलं असं मनात घेऊ नको. उद्या माहं काही चुकलं, लगन नाई झालं, तं तुले वाटंन माह्यामुळं. तसं नाई. मले पाह्यजे नव्हतं म्हनून मी नाई म्हनलं. समजलं काय?" मी मान हलवली. समजलं नव्हतं. खूप वर्षं समजलं नव्हतं. तिनं सांगितलं होतं तरी ते ओझं मी घेतलंच, आणि अजूनही तिच्या घरी गेले की आधी तिच्या तोंडाकडे पाहते, मग चपला काढते.

रविवारी सामना आमच्याच मैदानावर, साखरखेर्ड्याच्या पोरांशी. बाबा उठले नाहीत. आईनं पदराखालून गूळ-शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, जाय. ताई बॅनर बगलेत घेऊन माझ्याबरोबर भर गल्लीतून चालत आली, सोहेलकडून बांबू घेतले आणि स्वतः गाठी मारल्या. मी त्या दिवशी इतकी वाईट खेळले की तसं आधी किंवा नंतर कधी खेळले नाही. चेंडू नाही तिथे पळत होते. सर ओरडत होते, मनीषा, थांब, जागा पाह्य. थांबणं हेच तर मला येत नव्हतं. आमचा एकच गोल झाला, तो ड्रायव्हरच्या पोरानं केला. माझा एकच फटका बरा बसला, डाव्या पायाचा, तो गोलवरून गेला आणि सरळ बॅनरवर जाऊन आदळला. दोन्हीकडची पोरं हसली. ताईपण हसली. आम्ही हरलो.

मामा त्यानंतर दोन वर्षं भाऊबीजेला आला नाही. आई दोन्ही वर्षी ओवाळणीचं ताट तयार करून दुपारपर्यंत बसली. ताईच्या नकाराची किंमत आईनं दिली, हे त्या घरात कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. ताईचं लग्न पुढे उशिरा झालं, लोणारला. मशीन ट्रकमध्ये सगळ्यात आधी चढली. सुखी आहे का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, कामात हाय. माझा बॅनर कुठे गेला ते आम्हा दोघींनाही आठवत नाही.

पण सोमवारचं सांगायचं राहिलं. सोमवारी सकाळी बाबांनी रजा टाकली, धुतलेला सदरा घातला आणि आईला म्हणाले, चिखलीले जाऊन येतो. मामा फोनवर कळवतो म्हणाला होता. बाबा म्हणाले, "पोरगी पाह्याले मानसं घरी आलती. नाई म्हनाचं तं घरी जाऊनच म्हनाव लागते." ते एस.टी.नं गेले.  दिवसभर ताईची मशीन चालू होती. दिवेलागणीला ते आले, चपला काढल्या, पाणी प्याले. आईनं विचारलं, काय म्हनले.

"काय म्हनतीन. चहा देला. काका बोलले नाई. पोराच्या मायनं सुनीताले इचारलं म्हनून सांगा म्हनलं." त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "पोरगा स्टँडवर सोडाले आला. सारा रस्ता चूप होता. गाडी लागली तेव्हा मले इचारलं, सामना कोन जितलं म्हने."

मशीन थांबली. ताईनं मागे वळून पाहिलं नाही. तिचा हात चाकावर तसाच राहिला.

"मंग?" आई म्हणाली.

"मंग काय. मलेच ठाऊक नव्हतं." बाबा भिंतीला टेकून बसले.  मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोन जितलं व?"

"साखरखेर्डा," मी म्हटलं.

"कसं काय?"

मी त्यांच्या समोर फरशीवर बसले आणि सांगायला लागले. पहिल्या शिट्टीपासून. मी कुठे उभी होते, चेंडू कुठून आला, सोहेलच्या हातातून कसा सुटला. ते मध्येमध्ये विचारत होते, म्हणजे कसं, डाव्या बाजूनं म्हणजे कोनीकडून. मी वाट्या मांडून दाखवलं. थोड्या वेळानं ताईनं मशीन पुन्हा सुरू केली, हळूच, म्हणजे आमचं बोलणं तिलाही ऐकू यावं.